मैत्रिणीने उमेदवाराला दारातूनच परत पाठवलं

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

सिंगापूरमधल्या आमच्या चोआ चू कांग मतदारसंघातून यंदा विरोधी पक्षाच्या एक नवख्या वकीलबाई उभ्या आहेत. मी आता इथली नागरिक आहे, म्हणून त्यांच्यासोबत घरोघरी फिरते. सकाळी आम्ही माधवीच्या फ्लॅटची बेल वाजवली. ती माझी पुण्यापासूनची मैत्रीण. तिने दार उघडलं, मला ओळख न दाखवता "नॉट इंटरेस्टेड" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाई म्हणाल्या, "इट्स ओके, आय ॲम यूज्ड टू इट."

मला सवय नव्हती. संध्याकाळी मी एकटीच गेले. माधवीने मला आत घेतलं आणि आधी खिडकी लावली.

"मत तुमच्या बाईंनाच देणार आहे गं. पण ह्यांची नोकरी आहे. कुणी पाहिलं तर?"

"पाहून कोण काय करणार आहे?"

"ते माहीत नाही, म्हणून तर भीती वाटते."

मत गुप्त असतं हे तिलाही ठाऊक आहे. तरी ती स्वतःच्या घरात कुजबुजत होती. तिला धीर देता देता माझाही आवाज कधी खाली गेला, कळलंच नाही.

तुमच्या घरी या विषयावर मोकळेपणाने बोलता येतं का?