तिथी तीन, चांद दोन

दोन स्क्रीन, हिशेब एकच आणि उत्तरं दोन. धनश्रीच्या स्क्रीनवर पूर्ण भरती सव्वादोनला. सनोबरच्या स्क्रीनवर दीडला. समोर पालक बसलेले आणि पहिल्याच खुर्चीत आमचे मुख्याध्यापक. 

रेवदंड्याजवळच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. मुख्याध्यापक गणिताचे. दहावीचा निकाल सुधारायचा म्हणून नववीचा माझा तास त्यांना गणितासाठी हवा होता. "मुलं काय करतात हो त्या तासाला? चित्रं रंगवतात," असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले. मला राग आला. "पालकसभेत दाखवते," असं बोलून बसले. तास राहणार की जाणार ते त्या सभेवर ठरणार होतं. खरा घोर सनोबरला होता. तिच्या घरी कॉम्प्युटर नाही, आठवड्याला हा एवढा एकच तास मिळतो.

काय दाखवायचं ते नववीतल्या या दोघी पोरींनीच ठरवलं: भरतीची वेळ. आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ आहे, पाणी चढल्याशिवाय होडी धक्क्याला लागत नाही. त्यामुळे इथे घरोघरी हा हिशेब ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. प्रोग्रॅम म्हणजे असाच हिशेब, फक्त कॉम्प्युटरला कळेल अशा पायऱ्यांनी लिहिलेला. दोघींनी आपापल्या मशीनवर तो लिहिला. आदल्या दिवशी मी चार हा आकडा घालून दोन्ही तपासले. दोन्हीकडे तीन आले आणि मी खुशीत घरी गेले.

आता सभेत मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, पालकांनी यातली कुठली वेळ धरायची?"

मागे हशा पिकला. धनश्रीचे कान लाल झाले. "माझं बरोबर हाय, मॅडम. हिचंच चुकलंय."

"न्हाय चुकलं," सनोबर म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

"भांडू नका, प्रिंट करा," मी म्हणाले. प्रोग्रॅम फसला की आत काय चाललंय ते त्यालाच पडद्यावर लिहायला लावायचं, ही आमची जुनी युक्ती. पाऊणपट करण्याआधीचा आकडा मी दोघींना दाखवायला सांगितला.

धनश्रीकडे तीन आले, सनोबरकडे दोन.

"दोन कुठून आणलेस गं?"

"आज चांदची दोन तारीख हाय, मॅडम. सकाळी दादीला विचारून आले."

"आज तीज हाय," धनश्री म्हणाली.

दोघींचं खरं होतं. सनोबरच्या घरी चंद्रकोर दिसली की नवा महिना धरतात, म्हणून त्यांची तारीख बहुतेक वेळा तिथीपेक्षा एकने मागे असते. हिशेब चोख होता, आत घातलेला आकडा वेगळा होता. आमच्या भाषेत त्याला इनपुट म्हणतात.

मी काही सांगायच्या आत सनोबरने कीबोर्ड पुढे ओढला. आधी एक प्रश्न टाकला: तिथी की चांद? मग एक 'इफ', म्हणजे अट. चांद असेल तर एक मिळव. एंटर दाबलं. सव्वादोन! तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली मला.

तेवढ्यात धनश्रीची आई उठून दाराकडे निघाली.

"कुठे निघालात? सभा संपायची आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"सव्वादोनला होरी येल ना, सर. धक्क्याव जाते. पोरीचं खोटं निंगालं तं फोन करून सांगते."

सभा संपून चहा चालू असताना तिचा फोन आला. मुख्याध्यापकांनी स्पीकर लावला. "पानी बराबर आलं. होरी बी लागली. जाल्यात म्हावरा तेवढा थोराच हाय."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ही पाऊणकी आहे, मॅडम, पाऊणचा पाढा. माझ्या वर्गात एकालाही येत नाही."

"येते, सर. तुम्ही भरती विचारत नाही."

ते चक्क हसले. "राहू दे तास तुमच्याकडेच. मी मधूनमधून येऊन बसलो तर चालेल ना?"

तेव्हापासून प्रोग्रॅम तपासताना मी सगळ्यांना एकच आकडा देत नाही. ज्याने त्याने आपापल्या घरचा आणायचा.

त्या दिवशी मशीन बंद करताना सनोबर थांबली. "मॅडम, ढग आले नि चांद दिसलाच न्हाय तर? मग महिना आणखी एक दिवस उशिरा लागतो. एक मिळवून कसं भागेल?"

"नाही भागणार. पुढच्या तासाला बघू," मी म्हणाले. पुढचा तास आता आमचाच होता.