फलक मी पुसणार नाही

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा काळा फलक मी लिहिते. अक्षर बरं म्हणून शाळेत असताना हे काम गळ्यात पडलं. आता उद्यमबागेतल्या कारखान्यात हजेरी मांडते, तरी ते सुटलेलं नाही. फलकाची एक रीत आहे: ज्यानं लिहिला त्यानंच पुसायचा. दुसऱ्यानं हात लावला तर गल्लीत भांडण पेटतं.

सीमाभागातल्या आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी पाटी मराठीत की कानडीत यावरून दंगल झाली. पोलिसांनी आमच्या पाच जणांना गुरासारखं बडवलं. गेल्या महिन्यात गल्लीच्या मंडळानं या पाच जणांचा सत्कार ठरवला आणि जखमींची नावं फलकावर लिहायला सांगितली. मी पाच लिहिली. मग सहावं लिहिलं, पिरनवाडीच्या कानडी बसड्रायव्हरचं. त्या दिवशी याच कोपऱ्यावरून भिरकावलेल्या दगडानं त्याचा डावा डोळा गेला.

मंडळाचे अण्णा तणतणत घरी आले.

"पूस ते नाव! कानड्याला आपल्या यादीत घालतीस व्हय?"

"यादी जखमींचीच हाय न्हवं, अण्णा?"

"दोन्हीकडच्या केसी मागं घ्यायचं ठरलंय, पोरी. झालं गेलं गंगेला मिळालं."

मग आमच्या पाच जणांनाच हारतुरे कशाला? पोलिसांना जाब विचारायलाच हवा, पण विचारणारं तोंड आधी स्वच्छ हवं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय मला चालणार नाही, असं मी त्यांना सुनावलं. ते चहा न घेता गेले.

संध्याकाळी धाकटा भाऊ जवळ येऊन बसला. दगड त्याचा होता. गल्लीला ठाऊक आहे, पोलिसांना नाही.

"आक्का, पूस की गं. लोक विचाराय लागले तर माझं नाव येतंय. नोकरी जाईल."

आई गेल्यावर मीच त्याला वाढवलंय.

"तुझं नाव मी लिवलं न्हाय रं," मी म्हटलं. "त्याचं लिवलंय."

सत्कार उरकला. पंधरा दिवस झाले, पाण्याच्या टँकरची सूचनाही भिंतीवर लिहावी लागली. रीत मोडायची हिंमत अण्णांनाही होत नाही. भाऊ रोज मान खाली घालून फलकासमोरून बसस्टॉपवर जातो. फलकाच्या चौकटीवर मी खडू ठेवलाय. दगड कुणी मारला ते त्यानंच लिहायचं. तोवर मी पुसणार नाही.