रेणुकाचा आवाज

दुपारची जेवणं झाली की कॉलेजच्या वाचनालयात पंख्याशिवाय काही हलत नाही. शिपाई कोंडिबा मामा कपाटाला पाठ टेकून स्टुलावर बसतो आणि पेंगू लागतो. आज गुरुवार. चार वाजता पोरं येतील. तंत्रज्ञानाच्या बातम्या आणायच्या, वाचायच्या आणि त्यानं माणसांचं काय होणार यावर भांडायचं, ही दर गुरुवारची रीत. ती रेणुकानं पाडली. गेटजवळच्या फळ्यावर बातमीची ओळ लिहायचं काम मामाला तिनंच दिलं. सत्तावन्नाव्या वर्षी त्याला अक्षरं शिकवली तीही तिनंच.

तिला जाऊन पाच महिने झाले.

"मामा, सरका की जरा."

रेणुका समोर उभी आहे. ओढणी नीट, केस नीट, फक्त गालात डांबराची बारीक खडी रुतलेली.

"आज कोणाची बातमी?"

"समीहनची. आवाजाची नक्कल करणारं यंत्र आणि त्याचे समाजावर परिणाम."

ती हसते. "परिणाम त्याला बरोबर ठाऊक. पहिला प्रयोग माझ्यावरच केला."

मामा मान खाली घालतो. याच खोलीत समीहननं यंत्राला तिचा आवाज शिकवला आणि ती वर्गात असताना तिच्या वडिलांना फोन लावला. 'आबा, मी लग्न करून चाललेय. शोधू नका.' पोरं पोट धरून हसली. आबा दिवस मावळायच्या आत मोटरसायकल घेऊन आले. तिचा एक शब्द ऐकला नाही, तिला मागं बसवलं आणि निघाले. घाटात समोरून ट्रक आला. आबा वाचले. तिचं नाव अजून तोंडातून काढत नाहीत.

"तुम्हीपण हसलात, मामा."

"हसलो. हातात चहाची किटली होती. वाटलं, काय हुबेहूब बोलतंय!"

"आणि मी गेल्यावर?"

"त्याचा बाप संस्थेत आहे, पोरी. माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत."

"माझी किती राहिली होती?"

ती चालू लागते. पुस्तकांच्या रांगा संपतात तिथं घाटाचं वळण आहे. मामाला त्यात काही नवल वाटत नाही. ती कठड्यावरून झपाझप चाललीय, तो धापा टाकत मागं.

"त्याचं नाव फळ्यावर लिहितो," तो म्हणतो. "मोठ्या अक्षरात."

"फळा पुसतात. आबांना सांगा. ते मला खोटी समजून जगतायत."

"आणि समीहन?"

"त्याचं आबा बघतील."

वळणापलीकडं तिच्या घराचं अंगण. आबा बाजेवर बसलेत, एक पाय ताठ. भिंतीवर तिचा फोटो, तोंड भिंतीकडं केलेला. रेणुका बापाच्या खांद्यामागं जाऊन उभी राहते.

"बोला."

मामा टोपीनं कपाळाचा घाम पुसतो.

"क गिरवताना पण असाच घाम फुटला होता तुम्हाला. बोला!" तिचा तळवा त्याच्या गळ्यावर येतो, बर्फासारखा. मग शब्द सुटतात. यंत्र, फोन, किटली, स्वतःचं हसणं, आणि शेवटी नाव, बापाच्या नावासकट. रेणुका प्रत्येक शब्दावर मान हलवते, हिशेब चुकता झाल्यासारखी नव्हे, भूक लागलेल्या माणसासारखी.

मामा दचकून जागा होतो. कान भाजतोय. कानाशी त्याचाच फोन, तापलेला. तो समोर धरून एकेक अक्षर लावत वाचतो: 'रेणुकाचे आबा'. तिच्या दहाव्याला जतन केलेला नंबर, कधीच न लावलेला. फोन चालू आहे. चौदा मिनिटं झालीत.

दारात चपला वाजतात. समीहन हसत, कागद फडफडवत आत येतो. "काय मामा, झोप झाली का? चला, ओळ लिहून घ्या."

फोनमधून घोगरा आवाज येतो, "ते पोरगं आता तिथं आहे का?"

मामा समीहनकडं बघतो. पोरगं अजून हसतंय.

"आहे," तो म्हणतो. "या तुम्ही. मी दाराशीच बसतो."