भाऊसाहेबाचा अजिंठा

किस्से काही कोणी मुद्दाम जमा करत नाही. पावसाळा सरला की ऑफिसच्या आवारात गाजरगवत वाढतं, तसे ते वाढतात. एक उपटाले जा, मुळासंगं चार येतात. आमच्या धाडच्या ऑफिसातले निम्मे किस्से पोळा ते दिवाळी एवढ्याच दिवसातले. कारण त्या दिवसात आमच्या इथं काम कमी अन् सुट्ट्यांचे बेत जास्त!

आम्ही माणसं चार. हेडक्लार्क इंगळे भाऊसाहेब, टायपिस्ट दिगंबर, चपराशी रशीदचाचा, अन् मी, सगळ्यात ज्युनियर. वर एक साहेब होते, पण ते बुलढाण्याच्या मीटिंगीतच जास्त असत.

बेत मात्र दरसाल एकच. अजिंठा! धाडहून सकाळच्या एस.टी.नं निघालं तं दुपारी लेणीत. गोरे लोक इमानात बसून येऊन पाहून गेले, पण भाऊसाहेबाइचं जाणं काही झालं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्याइनं वहिनीले सबूद देल्ला होता, "तुले अजिंठा दाखवतो!" आता पोरगी लग्नाले आली. दरसाल वहिनी प्रवासासाठी दशम्या करे, दरसाल बेत फसे, अन् त्या दशम्या आम्ही ऑफिसात खात असू.

वहिनी भांडत नसे. फक्त म्हणे, "हे माणूस मले नेईन तोपर्यंत तिथले चित्रं पुसून जातीन!"

म्या एकदा इचारलं, "भाऊसाहेब, एखाद्या रविवारी काऊन नाही जात?"

"लेणी का बजार हाय बे, एका दिवसात उरकाले? तीन दिवसाची जोडून सुट्टी पाह्यजे!"

*

नवं कॅलेंडर आलं की भाऊसाहेब आधी लाल तारखा पाहत. एका वर्षी मी सकाळी ऑफिसात आलो तं हे डोक्शाले हात लावून बसलेले. चहा तसाच. दिगंबर टाइपरायटरवर कपडा टाकून गुमान बसलेला.

मी हळूच म्हणलो, "भाऊसाहेब, कोन गेलं?"

त्याइनं मोठा सुस्कारा टाकला.

"दसरा गेला. रविवारी!"

*

त्यांचं दुःख पाहवलं नाही म्हणून मी लाल पेन्सिल आणली अन् भादव्यातला एक साधा मंगळवार लाल करून टाकला. बाजूले काही लिहिलं नाही. वाटलं, कोणीतरी इचारीन, कशाची सुट्टी हाय म्हणून.

कोणीच इचारलं नाही!

मंगळवारी मी ऑफिसात गेलो तं दाराले कुलूप. चाचाच्या घरून चाबी आणली, बसलो एकटाच. बुधवारी दिगंबर डबा घेऊन आला, त्यात पुरणपोळी.

"कालची हाय," म्हणे. "सणाची."

मले साहेबाची भीती वाटत होती. पण साहेबही मंगळवारी आले नव्हते!

*

पितृपक्षात कोणी कुठं जात नाही. दिगंबरचं डोकं मंग तिथंच चाललं.

"भाऊसाहेब, आता जाऊ ना! एस.टी. खाली, लेणी खाली. सारी जागा आपल्यालेच!"

भाऊसाहेब चष्म्यावरून पाहू लागले. "काऊन बे, वर्षातून एकदा बाप घरी येते. त्याले कुलूप दाखवू का?"

दिगंबरनं टाइपरायटरवर कागद चढवला. येळानं पुन्हा म्हणे, "चाबी शेजारी ठेवली तं?"

*

कोणीतरी सांगितलं, लेणीत लय अंधार असते. भाऊसाहेबाइनं लगेच एक लांबलचक बॅटरी आणली, लाल बटनाची. मी अगदी सरळ तोंडानं म्हणलो, "नुसती बॅटरी असून चालत नाही भाऊसाहेब. अंधारात पाहाची सवय लागते. तालीम करा लागन."

"खरं का?"

"नाही तं चित्राच्या जागी कोरी भितच दिसते."

झालं! दुपारी जेवण झाल्यावर आम्ही चौघं रेकॉर्ड रूममधी शिरलो अन् दार लावून घेतलं. भाऊसाहेब भितीवर बॅटरी फिरवू लागले. एका जागी पावसाच्या गळतीनं डाग पडला होता. भाऊसाहेब म्हणे, "हा हत्ती हाय." दिगंबर म्हणे, "राजकन्या हाय." दोघाइची बराबर जुंपली अन् दार उघडलं. समोर साहेब!

"काय चाललंय?"

चाचा सगळ्यात म्हातारे, त्याइलेच बोला लागलं. "कुछ नहीं साब. लेणी देख रहे थे."

साहेब दोन मिनिट डागाकडे पाहत राह्यले. मंग दार लावता लावता म्हणे, "हत्तीच आहे."

त्या तालमीत बॅटरीचे सेल संपले. नवे टाकाचे राह्यले, ते राह्यलेच.

*

एका साली दसरा नीट लागला. शनिवार दसरा, मंग रविवार, अन् सोमवारची रजा मंजूर! वहिनीनं दशम्या बांधल्या, नवं लुगडं नेसली. दुपारची एस.टी. धरून अजिंठा गावात दिगंबरच्या मावशीकडे मुक्काम, सकाळी लेणी. दिगंबर सकाळीच पुढं गेला होता. बाकी आम्ही बसलो. गाडी निघाली! भाऊसाहेब म्हणे, "पाहा, हे खरं सीमोल्लंघन!"

गाडी गावच्या शिवेवर आली तं तिथं अर्धं धाड सोनं लुटाले जमलेलं. आपट्याची पानं घेऊन लोक गाडीले आडवे झाले. "भाऊसाहेब, उतरा! सोनं घ्या!" भाऊसाहेब उतरले. दसऱ्याच्या दिवशी गळ्यात पडणाऱ्याले नाही कसं म्हणता? लहान पाया पडून राह्यले, मोठे छातीशी लावून राह्यले. मी खिडकीतून ओरडलो, "भाऊसाहेब, गाडी जाईन!"

"कशी जाईन बे? डायव्हर माह्या मागं उभा हाय लाइनीत!"

दिवस बुडाला तसं डायव्हर म्हणे, आता घाटात अंधार होईन, उद्या पाहू. उद्या भाऊसाहेबाइच्या दारात सोनं द्याले पाहुणे हजर!

वहिनीनं दशम्या सोडल्या अन् पाहुण्याइले वाढल्या. काही म्हणली नाही. तेच मले बरोबर वाटलं नाही.

*

मंग ते साल आलं. दिवाळी अन् रमजान ईद एकमेकीच्या हातात हात घालून आल्या. पाडव्याले संध्याकाळी चांद दिसला तं ईद भाऊबीजेलेच, मंजे एक सुट्टी पाण्यात. नाही दिसला तं ईद दुसऱ्या दिवशी, मंजे एक सुट्टी जास्त!

भाऊसाहेबाइनं पंचांग मिटलं अन् चाचाले धरलं. "चाचा, चांद कधी दिसन? अंदाज तं सांगा, रजेचा अर्ज लिहाचा हाय."

"अर्ज चांद को लिखो, भाऊसाहेब!"

पाडव्याले वहिनीनं ओवाळलं. भाऊसाहेबाइनं ताटात पुन्हा सबूदच टाकला, "ईद एक दिवस पुढं गेली तं यंदा पक्कं!" वहिनी हसली.

संध्याकाळी आम्ही ऑफिसच्या गच्चीवर. चाचा हात पसरून म्हणत, "या अल्ला, दिखा दे!" बाजूले भाऊसाहेब हात जोडून म्हणत, "देवा, दाखवू नको!" दोघं एकाच आभाळाकडे पाहून राह्यले. एक ढग आला, चांगला जाडजूड, अन् तिथंच बसला.

चाचानं पसरलेले हात खाली घेतले. हळूहळू जिना उतरले. भाऊसाहेबाइचा चेहरा पडला. "माह्यामुळं म्हाताऱ्याले एक रोजा वाढला बे."

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेले त्यांची बहीण पाटाभवती रांगोळी काढून, श्रीखंडाची वाटी घेऊन बसली.

"घे ना दादा!"

"नको बाई. मले रोजा हाय!"

*

ईदीले चाचाच्या घरी शीरखुर्मा खाल्ला तवा कळलं, वहिनी तं घरी नाही. भाऊबीजेले सकाळीच तिचा भाऊ जीप घेऊन आला होता, धामणगाव बढ्याले माहेरी घेऊन गेला.

दिगंबर म्हणे, "झालं! बेत गेला."

"काऊन जाईन?" भाऊसाहेब म्हणे. "आपण पुढं होऊन रस्ता पाहून येऊ. मंग तिले बिनचूक नेता येईन."

घरी बॅटरी शोधली तं सापडेना.

मी म्हणलो, "उंदरानं नेली असंन."

"उंदीर काऊन नेईन बे बॅटरी?"

"अंधारात राह्यते ना तो."

निघालो तसेच. एस.टी. चालू लागली, शीव गेली, कोणी आडवं झालं नाही! अजिंठा गाव गेलं, घाट उतरला, फर्दापूर आलं. भाऊसाहेब खिडकीले नाक लावून बसले होते लहान पोरासारखे. पायऱ्या चढलो. चित्रावर लाइट दाखवणारा माणूस एका पार्टीसंगं पुढच्या लेणीत गेला होता, म्हणून आम्ही तसेच एका लेणीत शिरलो. मिट्ट काळोख!

चाचा हळूच म्हणे, "भाऊसाहेब, ये तो अपना रेकॉर्ड रूम है."

तेवढ्यात आतून एक झोत आला अन् भितीवर पडला. एक चेहरा उजळला. हातात कमळ, डोळे खाली, जसं काही कोणाची वाट पाहून पाहून आता रागही राह्यला नाही. भाऊसाहेबाइनं हात जोडले.

मंग तो झोत वळला तो सरळ भाऊसाहेबाइच्या तोंडावर!

"रामराम दाजी!" आवाज वहिनीच्या भावाचा. "ताईनं यंदा ओवाळणीत लुगडं नाही मांगलं. म्हणे, अजिंठा दाखव."

झोत जागचा हलला नाही. भाऊसाहेब डोळे मिचकावत पाहत राह्यले. तोंड उघडं. मंग झोत जरा खाली झाला तसं त्याइले लाल बटन दिसलं.

"ही... ही तं माही बॅटरी हाय!"

"बॅटरी तुमचीच हाय," अंधारातून वहिनी म्हणली. "सेल तेवढे म्या नवे टाकले. चाला, तुमाले अजिंठा दाखवतो!"