भात करपला

बाबांनी मोबाइलला विचारलं, "भात करपलाय, काय करू?" मोबाइल अदबीने म्हणाला, "गॅस बंद करा, वरचा भात अलगद काढून घ्या, तळ खरवडू नका." हे ऐकवायला त्यांनी मला थेट ऑफिसात फोन केला. दोघंही पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की प्रश्न खरा होता. त्यांच्या भाताच्या पानांवर ठिपके आले होते.

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि टिटवाळ्याच्या पुढे आमचा एक तुकडा पडीक होता, तिथे भात लावून बसले. नातीला घरचा तांदूळ खिलवायचा, तोही बिनऔषधाचा, हा हट्ट. ठाकुर्लीच्या घरून रोज डबा घेऊन निघायचे, पुन्हा ड्युटी लागल्यासारखे. आजूबाजूच्या जमिनींवर बिल्डरच्या पाट्या लागल्यात, त्यामुळे बांधावर उभं राहून विचारावं असं कुणी उरलं नव्हतं. उरला मोबाइल.

आणि त्या मोबाइलला शिकवणाऱ्यांपैकी मी एक. वर्तकनगरजवळच्या आमच्या ऑफिसात दिवसभर पानांचे फोटो येतात. करपा, तपकिरी ठिपके की निरोगी, ते ठरवून बटण दाबायचं. त्यावरून यंत्र रोग ओळखायला शिकतं. आम्हाला चित्रांचा एक तक्ता दिलाय, पण खरी पानं तक्त्याप्रमाणे कुठे वागतात? अडलं की सगळे माझ्याकडे बघायचे, कारण माझे वडील शेती करतात. वासरात लंगडी गाय शहाणी! मी फोटो बाबांना पाठवायचे, त्यांचं उत्तर झटक्यात यायचं, आणि मला कोण अभिमान वाटायचा.

"मग मी त्याला फोटोच दाखवला," बाबा पुढे सांगू लागले. "तर म्हणतो करपा, लगेच औषध मारा. पाठीवर पंप घेऊन उभा आहे. मारू का?"

"तुम्हाला काय वाटतं बाबा? मी पाठवते ती पानं तुम्ही ओळखताच की."

"मी कुठे ओळखतो गं? ती मी यालाच दाखवतो."

माझं डोकंच चालेना. यंत्र आमच्याकडून शिकत होतं, आम्ही बाबांकडून आणि बाबा यंत्राकडून. मग त्या पानाला पहिल्यांदा करपा म्हणालं कोण? राग आला, पण काढायचा कुणावर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. औषध मारलं तर हट्ट मोडला, नाही मारलं आणि करपाच निघाला तर भात गेला.

"तुम्ही लोकच शिकवता ना त्याला? मग सांग की," ते म्हणाले. आवाजात चिडचिड नव्हती, नुसता विश्वास होता, आणि त्यानेच मला रडू यायला लागलं.

त्यांनी पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. कधी करपा वाटे, कधी साधे ठिपके. एकदा तर पान चक्क निरोगी दिसलं.

"बाबा, पंप खाली ठेवा. मी येते तिकडे."

"येऊन काय करशील?"

"माहीत नाही. बघते तरी."

"ये," ते म्हणाले. "पण आल्यावर मला विचारू नकोस हां, हे काय आहे म्हणून."