मला तर दिसतंय
खाचरातल्या चिखलाचा वास आला की मला वेल्ह्याचं ते सुविधा केंद्र आठवतं. धरणात जमीन गेलेल्यांना बदली जमिनीची नोंद दिसावी, ज्याला त्याला फक्त स्वतःची, असं सॉफ्टवेअर आम्ही केलं होतं. तपासायला मी साध्या खातेदाराचं लॉगिन मागितलं, तर केंद्राचे साहेब म्हणाले, “सुरक्षेचा प्रश्न आहे, माझ्याच लॉगिनने तपासा.” त्यांना सगळ्यांचं सगळं दिसे, त्यामुळे चाचणी झकास पार पडली. पहिल्याच दिवशी गुंजवणे गावच्या एका म्हातारबाबांनी चिखलाचा हात धोतराला पुसून अंगठा लावला. स्क्रीन कोरी. नोंद आत होती, पण सॉफ्टवेअरमधला आमचा न तपासलेला नियम ती त्यांच्यापासूनच लपवत होता. “म्हंजी हितं बी आमी न्हाई व्हय?” एवढंच बोलून ते एसटीकडे निघाले. साहेबांनी आपलं लॉगिन उघडलं. “मला तर दिसतंय की!” त्यांना आजही दिसत असेल. बाबा परत आले नाहीत.