मावशीच्या न्हाणीघरातला दांडा

मावशीकडे जेवायला गेलो होतो. हात धुवायला न्हाणीघरात शिरलो आणि बघतच राहिलो. गेल्या महिन्यात मावशी इथेच घसरली होती. बादली फुटली, पण हाड वाचलं. तिच्या लेकाने लगोलग भिंतीत आधाराला स्टीलचा दांडा बसवून घेतला. त्या दांड्यावर आता पंचा, परकर, दोन ब्लाउज आणि एक पायपुसणं अशी मंडळी थाटात विराजमान झाली होती!

"मावशी, हा दांडा धरायचा आहे की कपडे वाळत घालायचा?"

"धरायला मी काय म्हातारी झालेय?" ब्याऐंशी वर्षांचा खणखणीत आवाज आला. "मजबूत आहे रे चांगला. उगाच रिकामा कशाला ठेवायचा?"

खरंच आहे. मदत ही मदत म्हणून आली की आपण तिला दारातच थोपवतो. घरकामाला आलेय म्हणाली, की आत या म्हणतो.

हात पुसताना पुन्हा नजर गेली. पंचा आणि परकर यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी होती, आंघोळीच्या स्टुलावरून उठताना हात जाईल नेमकी तिथे. बाकीच्या दांड्यावर साबणाचे पांढरे डाग होते. तेवढा तुकडा मात्र लखलखत होता.

मला खोडी सुचली. "मावशी, माझा रुमाल ओला झालाय. मधल्या जागेत टाकू का?"

"खबरदार!" मावशी कडाडली. "तिथे काही टाकायचं नाही!"

मी ओला रुमाल तसाच खिशात कोंबला. खिसा भिजला, पण जिवाला फार बरं वाटलं.